मैफल आणि शेवटची लोकल

गाण्याच्या मैफलीचे मोल तिकिटाच्या किमतीवरून ठरविण्याची आपल्याला सवय लागली आहे. महोत्सवांची संख्या वाढली, पुरस्कर्ते मिळू लागले, ध्वनियोजना सुधारली. तेव्हा संगीताला बरे दिवस आले, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. मैफलीची खरी किंमत श्रोता कोणत्या नाण्यात चुकवितो? माझ्या मते ते नाणे रुपयाचे नसून वेळेचे आहे. आणि वसई-विरारमधल्या चाकरमान्याजवळ नेमकी त्याच नाण्याची टंचाई आहे.

आमची विद्यार्थिदशा गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतली. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव त्या काळी पुण्यात रमणबागेच्या मैदानावर तीन रात्री भरत असे. वसईहून दादरला आणि तेथून पुण्याला जाणाऱ्या आम्हा मुलांना मुक्कामाची चिंता नसे, कारण रात्र मंडपातच जायची. डिसेंबरची थंडी, खांद्यावर शाल, शेजारी पूर्वी कधी न पाहिलेला आणि तरीही समेवर आपल्याबरोबरच मान हलविणारा कोणी वृद्ध गृहस्थ. तिसरी रात्र सरून रविवारचे ऊन कनातींवर चढू लागे, तेव्हा सत्तरी ओलांडलेले भीमसेनजी गावयास बसत. त्यानंतर सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची ध्वनिमुद्रिका लावली जाई आणि हजारो माणसे ती निःशब्दपणे ऐकत. सकाळचा राग असा रात्र जागून मिळविला, म्हणजे त्याचा अर्थ पुस्तकातून सांगावा लागत नाही.

किशोरीताई आमोणकरांनी आम्हाला निराळा धडा दिला. त्यांच्या मैफलीत तानपुरे मनाजोगे जुळेपर्यंत गाणे सुरू होत नसे. प्रथम जाणाऱ्याला तो वेळ वाया गेला असे वाटे. दोन-चार मैफलींनंतर कळे, की तो श्रोत्याच्या कानाला स्वरात आणण्याचा वेळ होता. उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० रोजी निवर्तले. त्यानंतर त्यांच्या स्मृतिदिनी झाकीर हुसेन मुंबईत सकाळपासून रात्रीपर्यंत सत्रांमागून सत्रे योजीत. सकाळचे सत्र गाठण्यासाठी आम्ही अंधारात घर सोडत असू. आज भीमसेनजी (२०११), किशोरीताई (२०१७) आणि झाकीरभाई (२०२४) तिघेही आपल्यात नाहीत. त्यांचे गाणे-वाजवणे ध्वनिमुद्रणात सुरक्षित आहे. पण त्यांच्यापुढे तासन् तास बसणारा जो श्रोता त्यांनी घडविला, त्याचे मुद्रण कोठेही झालेले नाही.

हा श्रोता आपोआप उपजत नाही. त्यामागे आश्रयाची एखादी व्यवस्था उभी असावी लागते. एकेकाळी ती संस्थानिकांची होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादियाँ खाँसाहेबांना आश्रय दिला. १९२२ मध्ये महाराज निवर्तल्यावर खाँसाहेब मुंबईस आले. त्यांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई. म्हणजे आमच्या पिढीने मुंबईत जे ऐकले, त्याच्या मुळाशी आश्रयाचे हे स्थलांतर होते. दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून राजाच्या जागी समाजाला बसविले. कोल्हापूरच्या देवल क्लबासारख्या संस्था, मुंबईच्या उपनगरांतील म्युझिक सर्कल्स, गल्लोगल्लीचे गणेशोत्सव यांनी ती परंपरा वर्गणीवर चालविली. वर्गणी देणारा मनुष्य प्रेक्षक नसतो, तो यजमान असतो. पुरस्कर्त्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या महोत्सवात हे यजमानपण हरवते.

पुरस्कर्त्यांवाचून भागत नाही, हेही खरे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की कारखान्यात यंत्रांमुळे दरडोई उत्पादन वाढत जाते, प्रयोगकलांत मात्र ते वाढू शकत नाही. विलंबित ख्याल मांडावयास शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. तबलजीची बचत करून तो अधिक किफायतशीर करता येत नाही. इतर क्षेत्रांतील वेतने वाढली, की मैफलीचा खर्च त्यांच्यामागे फरफटत वाढतोच. परंतु या विवेचनात गायकाच्या वेळेचा हिशेब मध्यवर्ती आहे. आपल्याकडे श्रोत्याच्या वेळेचा हिशेबही तितकाच निकडीचा झाला आहे.

चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर. कार्यालयातून सुटून दादर किंवा पार्ल्याची मैफल गाठणारा आमचा शिक्षक अथवा कारकून मध्यंतरापासूनच घड्याळाकडे पाहू लागतो. मुख्य गायक रंगात येतो, तेव्हा हा चपला शोधीत असतो. तिकिटाचे चार-पाचशे रुपये तो एक वेळ देईल. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा तीच गर्दी अंगावर घ्यावयाची असताना झोपेचे चार तास तो कोठून आणणार? ज्याला अर्थशास्त्रात वैकल्पिक खर्च म्हणतात, म्हणजे एक गोष्ट मिळविताना जी दुसरी सोडावी लागते तिचे मोल, तो येथे तिकिटाहून कितीतरी अधिक आहे.

त्यात कायद्याची भर पडली. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी घातली. वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या निर्बंधांवर शिक्कामोर्तब केले. रुग्णांचा, वृद्धांचा आणि परीक्षार्थींचा विचार करता हा निर्णय योग्यच होता, याविषयी दुमत नसावे. मात्र त्याचा एक परिणाम संगीतावर झाला. उघड्या मंडपातील रात्रभराच्या मैफली संपल्या. महोत्सव दुपारी सुरू होऊ लागले. त्यामुळे भीमपलास, मुलतानी यांना मोठ्या मंचावर वाव मिळाला, हा लाभच. पण मध्यरात्रीचा मालकंस, उत्तररात्रीची सोहनी, पहाटेचा ललत यांची वेळ मंडपातून गेली. हे राग आजही गायिले जातात. ते आपल्या प्रहरी ऐकलेला विद्यार्थी मात्र माझ्या वर्गात क्वचितच सापडतो.

यावर कोणी म्हणेल, की भ्रमणध्वनीवर हवा तो राग हव्या त्या वेळी ऐकता येतो. मग हळहळ कशासाठी? हा आक्षेप पोरकट नाही. खेड्यातल्या मुलाला आज जे घरबसल्या ऐकावयास मिळते, ते आमच्या पिढीला मिळत नव्हते. परंतु तबकडीच्या काळात तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका ऐकून माणूस मैफलीला जाण्यास उत्सुक होई. आज अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकून तो पुढच्या तुकड्याकडे वळतो. मुद्रण संगीत साठवू शकते, श्रोतृसमाज साठवू शकत नाही. शेजाऱ्याने घेतलेला श्वास आणि समेवर उमटलेली दाद यांतून आपल्याला ऐकावयास शिकविले जाते, आणि ही शाळा एकट्याने भरविता येत नाही.

येथेच आमच्या नगराचा प्रश्न येतो. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. एवढ्या मोठ्या वस्तीने आपले गाणे मुंबईत जाऊन ऐकावे आणि लोकल चुकेल म्हणून अर्धे सोडून यावे, यात न्याय नाही आणि आर्थिक शहाणपण तर नाहीच नाही. येथील भूमी संगीताला परकी नाही. भजनी मंडळांचे टाळ, चर्चमधले मराठी गायनवृंद, लग्नाच्या वरातीतला बॅन्ड हे सारे वसईने पिढ्यान् पिढ्या ऐकले आहे. उणीव आहे ती नियमित, लहान आणि घराजवळच्या बैठकीची.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांची सभागृहे रविवारी पहाटे रिकामी असतात. समजा, दोनशे घरांनी दरमहा शंभर रुपये वर्गणी दिली. वीस हजार रुपये जमतात. तेवढ्यात ख्यातनाम कलावंत येणार नाही, हे उघड आहे. पण पंधरा वर्षे तालीम घेऊन मंचाची वाट पाहणारा एखादा तरुण गायक आणि त्याचे साथीदार नक्कीच येतील. बारा लाखांच्या वस्तीत दोनशे म्हणजे सहा हजारांत एक. ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत असावा आणि मंचामागे कोणाचाही फलक नसावा.

आणि या छोट्या बैठकीला जे शक्य आहे, ते मोठ्या महोत्सवाला शक्य नाही. कायद्याचा निर्बंध उघड्या जागेसाठी आहे. आवाज आतच राहील अशा बंद सभागृहाला तो आड येत नाही. दोनशे माणसांच्या दालनात ध्वनिवर्धकाची गरजही बेताचीच. श्रोते पायी किंवा सायकलीवरून येणारे असतील, तर रेल्वेच्या वेळापत्रकाचा प्रश्नच उद्भवत नाही. पहाटे पाच वाजता ललत सुरू होऊ शकतो, आणि सणाच्या आदल्या रात्री मालकंस मध्यरात्रीपलीकडे जाऊ शकतो. मुंबईने आणि पुण्याने जो प्रहर गमावला, तो परत मिळविणे वसईसारख्या गावालाच परवडणारे आहे.

आम्हाला तो प्रहर मोठ्या कलावंतांच्या कृपेने आयता लाभला. आज विशीत असलेल्या मुलामुलींना तो कोणी आयता देणार नाही. तो आपल्याला वर्गणी काढून उभा करावा लागेल. शिक्षकांच्या खोलीत किंवा कार्यालयातील जेवणाच्या सुटीत एखाद्याने वही पुढे करून पहिली दहा नावे लिहून घ्यावीत. काम तेथूनच सुरू होईल.