घरच्या घरी अँबियंट : लसाविचा घोळ

या आठवड्यात रिव्हर्बवर लिहिणार होतो, ते पुढे ढकलतो. सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

त्यांनी गेल्या लेखाप्रमाणे दोन लूप केले, एक आठ सेकंदांचा आणि एक बाराचा. स्वर गोड लागले, पण पाच मिनिटांत कान विटले. असं का?

शाळेतला लसावि आठवा. आठ आणि बाराचा लसावि चोवीस, म्हणजे दर चोवीस सेकंदांनी तेच स्वर त्याच जागी भेटणार. रूपक आणि झपताल एकदम सुरू केले तर दोघांची सम सत्तर मात्रांनी एकत्र येते. इथे तेवढीही उसंत नाही.

यात त्यांचा दोष नाही, दोष ग्रिडचा आहे. बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की टेम्पो १२० आणि चारचा ठेका आयता मांडलेला असतो. म्हणजे एक बार बरोबर दोन सेकंदांचा. स्नॅप चालू असला की लूपची कड बारच्या रेषेला जाऊन चिकटते. मग आठ, बारा, सोळा अशीच मापं पडतात आणि लसावि बिचारा लहानच राहतो.

आता संगीतकार ब्रायन ईनोकडे बघा. १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये ‘२/१’ नावाचा तुकडा आहे. त्यात गायलेले एकेक स्वर आहेत आणि प्रत्येकाचा टेपचा वेगळा लूप. जर्मनीत कॉनी प्लांकच्या स्टुडिओत या लांबच लांब टेपा खुर्च्यांच्या पायांभोवती फिरवल्या होत्या. ईनोने पुढे तीन लूपची मापं सांगितली: २३ १/२, २५ ७/८ आणि २९ १५/१६ सेकंद. मला राहवलं नाही, वही काढून लसावि मांडला. पहिले दोन लूप पुन्हा जसेच्या तसे जुळायला ८१ मिनिटं लागतात. तिसरा धरला की जवळजवळ २७ दिवस! तुकडा संपतो नऊ मिनिटांच्या आत. ईनोने लूप सुरू करून दिले आणि त्यांचं त्यांना जुळू दिलं, एवढंच.

घरी हे करायला टेप नको. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट-एस दाबून स्नॅप बंद करा. हार्मोनियमवर किंवा गळ्याने एकच स्वर धरा, आठ-दहा सेकंद. स्वर विरला तरी रेकॉर्डिंग थांबवू नका, कारण ती रिकामी जागाही फाइलीत हवी. घड्याळ न बघता, मनाला येईल तेव्हा थांबवा. नंतर कापाकापी नको. रेकॉर्ड झालेल्या तुकड्याची (आयटमची) उजवी कड ओढलीत की तोच आवाज, शांततेसकट, पुन्हा पुन्हा येत राहतो. (पंखा बंद ठेवा. मधे कुकरची शिट्टी झाली तर ती प्रत्येक फेरीत होईल.) असे चार-पाच ट्रॅक पुरेत. काही जण मापांसाठी मूळ संख्या शोधत बसतात, त्याची मुळीच गरज नाही. हात स्वतःहून कधीच नेमकं माप देत नाही.

स्वर मात्र जपून निवडा. कोणता स्वर कोणावर येऊन पडेल ते आपल्या हातात नसतं, तेव्हा कोणतीही जोडी खपली पाहिजे. सुरुवातीला भूपाचे पाच स्वर घ्या. सा रे ग प ध यांत लगतचे कोणतेही दोन स्वर अर्ध्या स्वराच्या अंतरावर नाहीत, त्यामुळे खटकणारी टक्कर होत नाही. मारव्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

आणि शांततेत कंजुषी करू नका. वीस सेकंदांच्या लूपमध्ये दहा-बारा सेकंद काहीच वाजत नसलं तरी चालेल. नवखे लोक ही जागा भरून काढतात आणि मग सगळ्याचा गोंगाट होतो.

सांगलीकरांनी नवे लूप करून कळवावं. इतरांनीही आपापली मापं जरूर पाठवा, लसावि मी काढून देतो. रिव्हर्ब पुढच्या आठवड्यात, नक्की.