वयात येताना (भाग ७) : नको वाटणारे केस

वरळी कोळीवाड्यातल्या आजीने कासोट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलं, उघड्या पोटऱ्यांनी उभा जन्म बाजारात काढला, आणि त्या पोटऱ्यांवरच्या केसांचा विचार कधी तिच्या मनात आला नाही. तिची नात सहावी-सातवीत स्कर्ट घालून शाळेत जाते. बाकावरची कुणी तिच्या पायांकडे बघून एखादा शब्द टाकते. त्या संध्याकाळी मोरीचं दार नेहमीपेक्षा जास्त वेळ बंद राहतं आणि बाबांच्या दाढीच्या रेझरने पोटरीवर दोन चिरा पडतात. घरात या विषयावर कुणी उघड बोलत नाही, म्हणून मुली हे चोरून करतात आणि चोरून केलेलं बहुतेक वेळा चुकीचं होतं.

बाईच्या अंगावर केस दिसूच नयेत, हा आग्रह आज जगभर ज्या रूपात दिसतो ते रूप फार जुनं नाही. दाढीचे रेझर विकणाऱ्या जिलेट कंपनीने अमेरिकेत १९१५ साली खास बायकांसाठी रेझर काढला आणि बिनबाह्यांच्या कपड्यांसोबत काखेतले केस शोभत नाहीत, हे जाहिरातींनी ठसवलं. हातापायांवरचे केस म्हणजे मळ नाही आणि आजारही नाही. म्हणून आईने आधी एवढंच विचारावं : "बाय, तुला स्वतःला नकोत, की कुणी काही बोललं?" कुणी बोललं असेल, तर शाळेत जाऊन बाईंशी बोलणं हा उपायाचा पहिला भाग आहे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीची चेहऱ्यावरच्या केसांवरून समाजमाध्यमांवर टिंगल झाली. तिच्या गुणांपेक्षा तिच्या ओठांवरच्या लवेची चर्चा जास्त झाली, याचा मला अजून संताप येतो. पण मुलीला स्वतःलाच केस नको असतील, तर "अजून लहान आहेस" म्हणून तिला गप्प करू नये. अंग तिचं आहे.

साधन निवडण्याआधी केस कुठे आलेत ते पाहा. आठ वर्षांच्या आत काखेत किंवा जांघेत केस दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. मोठ्या मुलीच्या हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली जाड काळे केस येत असतील, सोबत पाळी लांबत असेल किंवा मुरुमं कमी होत नसतील, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची शक्यता तपासावी लागते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध केली. एका निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघालं, दुसऱ्या अधिक कडक निकषाने १०.७ टक्के. एवढा फरक नुसत्या निकषाने पडतो, म्हणून एका सोनोग्राफीच्या कागदावरून घाबरू नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या ओपीडीत पाळीच्या तारखा लिहिलेली वही घेऊन जा, तिचा जास्त उपयोग होतो.

आता रेझर. "लावलास तर केस राठ येतील," हे वाक्य प्रत्येक घरात आहे, आणि ते खरं नाही. १९२८ मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीचे केस मोजून पाहिले. दाढी केल्याने त्यांची जाडी वा वाढीचा वेग बदलला नाही. १९७० मधल्या एका प्रयोगात पाच तरुणांच्या एकेका पायावर काही महिने दर आठवड्याला रेझर फिरवला, दुसरा पाय तसाच ठेवला. दोन्ही पायांच्या केसांत फरक पडला नाही. मग राठ का लागतात? केसाचं टोक मुळात निमुळतं असतं, रेझरने ते सपाट कापलं जातं आणि हाताला टोचतं. शिवाय या वयात केस आपोआपच जाड होत असतात, दोष मात्र रेझरला मिळतो. माझ्या मते पहिल्यांदा केस काढणाऱ्या मुलीसाठी रेझरच सर्वांत सोपा आणि स्वस्त. पण तो तिचा स्वतःचा, नवा हवा. बाबांचा किंवा बहिणीचा नको. रक्तातून पसरणारे आजार एकाच रेझरने दोघांना होऊ शकतात. अंघोळीच्या शेवटी, कातडी ओली आणि मऊ झाल्यावर, साबणाचा फेस लावून, केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. पाच-सात वेळा वापरला की बदलावा. मोरीत ओला ठेवला की गंजतो, म्हणून पुसून कोरड्या जागी ठेवावा. पहिल्या वेळी आईने शेजारी उभं राहून दाखवलं, तर चिरा पडत नाहीत आणि लपवालपवीही संपते.

वॅक्सने केस मुळासकट निघतात, तीन ते सहा आठवडे सुटका मिळते. पण दुखतं, आणि केस निदान पाव इंच वाढलेले लागतात. कोळीवाड्यात मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. वॅक्सनंतर केसांची छिद्रं उघडी असतात, कातडी सोललेली असते. त्याच दिवशी मुलगी आईसोबत कोलंबी सोलायला, बोंबील साफ करायला बसली, तर माशाच्या पाण्यातले जंतू आत शिरू शकतात. मासे हाताळणाऱ्यांना होणारा एरिसिपेलॉइड नावाचा आजार असाच बारीकशा जखमेतून येतो. हात जांभळट-लाल होऊन सुजतो, ठणकतो. पेनिसिलिनने बरा होतो, पण डॉक्टरकडे जावं लागतं. म्हणून वॅक्सनंतर दोन दिवस मासळीच्या कामाला आणि समुद्राच्या पाण्याला सुट्टी द्यावी. तसंच, हळदीच्या आदल्या दिवशी आयुष्यातलं पहिलं वॅक्स करू नये. पुरळ उठलं तर ऐन समारंभात मुलगी रडवेली होते. पार्लरवाल्या ताई तीच काडी पुन्हा पुन्हा डब्यात बुडवत असतील, तर सरळ नको म्हणावं.

क्रीममधलं थायोग्लायकोलेट केसातल्या प्रथिनांचे बंध तोडतं आणि केस विरघळतो. कातडीही प्रथिनांचीच, त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. आदल्या दिवशी हाताच्या छोट्या भागावर लावून बघावं. चेहऱ्यासाठी असं डब्यावर लिहिलं नसेल, तर ओठांवर लावू नये. तिथे थ्रेडिंग पुरतं. डाळीच्या पिठाचं उटणं चोळून थोडी लव निघते, पण येणं थांबत नाही, आणि जोराने रगडलं तर काळे डाग राहतात. जांघेतले केस काढण्याची वैद्यकीय गरज नसते; फार वाढले तर कात्रीने छाटावेत.

लेसरची जाहिरात मुलींना आधी दिसते, पण त्याची वेळ सर्वांत शेवटी येते. त्याचा प्रकाश केसातला काळा रंग पकडून मूळ भाजतो. आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग असतो, त्यामुळे चुकीच्या यंत्राने भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका राहतो. सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित. शिवाय वाढत्या वयात नवे केस येतच राहतात, आणि चेहऱ्यावर, गळ्यावर क्वचित लेसरनंतर उलट जास्त केस येतात; दक्षिण आशियाई मुलींमध्ये हे विशेष दिसलं आहे. म्हणून अठरापर्यंत थांबावं, आणि तेव्हाही त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं. तो "कायमचे जातील" म्हणाला, तर "जातील की कमी होतील?" असं विचारावं, खरं उत्तर "कमी होतील" हेच आहे.

मुरुमांसाठी ट्रेटिनॉइनसारखं मलम किंवा आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल, तर मात्र वॅक्स अजिबात नको, कातडी सोलून निघते. या औषधांविषयी पुढच्या आठवड्यात.