ओळखीच्या नांवाचें पत्र

संगणकाचा विषाणु परक्याच्याच नांवानें येतो, हा समज आम्हांस घातक वाटतो. सन २००० च्या मे महिन्यांत फिलिपाइन्समधून निघालेलें ‘आय लव्ह यू’ या मथळ्याचें ई-मेल जगभर पसरलें, तें स्नेह्यासोबत्यांच्या नांवानेंच. सोबतचें जोडपत्र उघडतांच तें चित्रांच्या फाइली नष्ट करी व आउटलुकच्या पत्त्यांच्या वहींतील सर्वांस स्वतःच्या प्रती धाडी. नांवांत ‘टीएक्सटी’ दिसे. खरी जात सांगणारीं पुढील ‘व्हीबीएस’ हीं अक्षरें विंडोज प्रणाली सहसा झांकून ठेवी. (ही तिची खोड आजही गेलेली नाहीं.) अनपेक्षित जोडपत्र आल्यास वाचकांनीं पाठविणारास दूरध्वनीनेंच विचारावें, त्याचें खातें दुसऱ्याच्या हातीं गेलें असेल, तर ई-मेलनें विचारल्यास उत्तरही तो दुसराच देईल.