चूक कबूल करा, पत्ता सांगू नका

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयात चपलांच्या दुकानाची नवी वेबसाइट लाइव्ह जायची होती. त्याआधीची तपासणी मी शेजारी खुर्ची टाकून पाहिली. दुकानमालकाची लेखी परवानगी फाइलला लावलेली होती. ती नसताना दुसऱ्याच्या साइटवर असले प्रयोग केले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ अंगाशी येऊ शकतात.

तपासणारा पोरगा काहीच बरोबर टाइप करत नव्हता. आधी त्यानं साइटवर नसलेल्या पानाचा पत्ता टाकला. ४०४ आलं, ते येणारच. पण तळाच्या बारीक ओळीत अपाचे या वेब सर्व्हरची नेमकी आवृत्ती आणि उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव होतं. त्या आवृत्तीत कुठल्या त्रुटी आहेत, हे शोधायला पुढं पाच मिनिटं पुरतात. मग त्यानं ऑर्डर क्रमांकाच्या जागी अक्षरं टाकली. साइट ज्या भाषेत लिहिली होती त्या पीएचपीनं लगेच फाइलचा पूर्ण मार्ग आणि ओळीचा क्रमांक छापला, खाली डेटाबेसच्या टेबलाचं नावसुद्धा. ‘मालक घरी नाहीत’ एवढंच सांगायचं सोडून किल्ली कुंडीखाली असल्याचं सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखं हे झालं.

‘बघा की, न विचारता सांगतंय,’ तो म्हणाला.

हा मजकूर असतो डेव्हलपरसाठी. साइट बांधताना तो हवाच. त्याशिवाय चूक सापडणार कशी? गोची होते ती साइट लाइव्ह करताना तो बंद करायचा राहतो तेव्हा. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या जुन्या आवृत्त्यांत डीबग चालू राहिलं, तर एररच्या पानावर डेटाबेसचा पासवर्डही दिसायचा. खुद्द अपाचेही यातून सुटलेला नाही. अवाजवी मोठी कुकी पाठवली की त्याचं ४०० क्रमांकाचं पान तीच कुकी परत छापायचं, अगदी जावास्क्रिप्टपासून मुद्दाम लपवलेलीसुद्धा. २०१२ मध्ये २.२.२२ या आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

उपाय तसा किरकोळ. पीएचपीचं ‘डिस्प्ले एरर्स’ बंद, ‘लॉग एरर्स’ चालू; अपाचेचं ‘सर्व्हर सिग्नेचर’ बंद, ‘सर्व्हर टोकन्स’ प्रॉडवर. ग्राहकाला दिसेल साधं दिलगिरीचं पान, तपशील जाईल लॉगमध्ये. तो लॉग मात्र ब्राउझरमधून उघडेल अशा फोल्डरात ठेवायचा नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचेही असतात.

एवढ्यानं भागतं असं मात्र नाही. लॉगिनवर ‘हा मोबाइल नोंदलेला नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ अशी दोन उत्तरं मिळाली, तर ग्राहक कोण आहे आणि कोण नाही, हे बाहेरच्याला कळतंच. २०१० मध्ये थाई दुओंग आणि जुलियानो रिझो या सुरक्षा संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या वेब फ्रेमवर्कमध्ये अशाच फरकावर बोट ठेवलं. चुकीच्या विनंत्यांना सर्व्हर वेगवेगळी उत्तरं देतो, एवढ्या सुताच्या आधारे गुप्त मजकूर उलगडता येत होता. २८ सप्टेंबरला दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टचा तात्पुरता सल्ला होता: प्रत्येक चुकीला एकच पान दाखवा, आणि तेही मध्ये थोडा अनियमित वेळ घालवून. कारण उत्तराला लागणारा वेळही बोलतो.

तुमच्या दुकानाची, पतसंस्थेची, शाळेची साइट असेल, तर तिच्या पत्त्यापुढं काहीतरी चुकीचं टाइप करा आणि आलेलं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिथं आवृत्ती दिसली, तर साइट बांधणाऱ्याला आजच फोन लावा.