पिल्लू आणि घड्याळ

घरात कुत्र्याचे पिल्लू आले, की पहिले दोन दिवस सर्वत्र आनंद असतो. तिसऱ्या दिवशी ते ओसरीवर किंवा आजीच्या गोधडीवर लघवी करते आणि आनंदाची जागा संताप घेतो. कोणी त्याचे नाक त्या ओल्या जागी घासतो, कोणी काठी उगारतो. पिल्लू कान पाडून कोपऱ्यात बसते. ‘पाहा, आपली चूक त्याला कळली’, असे मोठी माणसे म्हणतात. वस्तुतः समोरचे माणूस रागावले आहे, एवढेच त्याला कळलेले असते. मघाशी घडलेली गोष्ट आणि आता मिळालेली शिक्षा यांचा संबंध त्याला जोडता येत नाही. माणसाच्या देखत लघवी करणे धोक्याचे आहे, एवढा एकच धडा ते शिकते आणि पुढे खाटेखाली किंवा धान्याच्या पोत्यांमागे लपून आपला विधी उरकू लागते.

पिल्लू जात्याच घाणेरडे असते, ही समजूत खरी नाही. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे कुत्री आपल्या पिल्लांना चाटून स्वच्छ ठेवते. पायांत बळ आले, की पिल्ले आपण होऊनच निजण्याच्या जागेपासून थोडी दूर जाऊन विधी करतात. म्हणजे स्वच्छतेची जाणीव त्यांच्या अंगी उपजतच असते. मात्र त्यांच्या लेखी ‘घर’ म्हणजे निजायचे गोणपाट. स्वयंपाकघर, माजघर, ओसरी हे सारेच घर आहे, ही गोष्ट आपण त्यांना पटवून द्यावयाची असते.

ती पटविण्यास काठीपेक्षा घड्याळ अधिक उपयोगी पडते. दोन महिन्यांच्या पिल्लाला साधारणतः दोन तासांहून अधिक काळ लघवी आवरत नाही. तीन महिन्यांचे झाले, की फार तर तीन तास. म्हणून झोपेतून उठताच, खाणे झाल्यावर थोड्या वेळाने, खेळून दमल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला अंगणातील एकाच ठरावीक जागी न्यावे. जमीन हुंगत ते गोल फिरू लागले, तर घड्याळाकडे न पाहता तत्काळ उचलावे. सुरुवातीला मध्यरात्रीही एकदा उठावे लागते. ज्याने हट्ट करून पिल्लू आणविले, त्यानेच उठावे, हे न्यायाचे.

अंगणात गेल्यावर घाई करू नये. पिल्लू विधी करीत असताना एकच शब्द हळू आवाजात उच्चारावा आणि ते उरकताच तिथल्या तिथे त्याला शाबासकी व भाकरीचा लहानसा तुकडा द्यावा. घरात परतल्यावर दिलेला तुकडा व्यर्थ जातो. तो घरात परतल्याबद्दलच मिळाला, असे पिल्लू समजते. पाव्हलॉव्ह नावाचे एक रशियन शास्त्रज्ञ होऊन गेले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी 1904 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न देण्यापूर्वी दर वेळी एक ठरावीक खूण ऐकविली, तर पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांनी दाखवून दिले. तुमचा शब्दही काही आठवड्यांनी अशीच खूण होऊन बसतो.

तरीही कधी घरात ओले झालेच, तर जागा नीट धुवावी. आपल्याला वास येत नसला, तरी कुत्र्याच्या नाकाला तो येतो आणि त्या वासाच्या मागाने पिल्लू पुन्हा तेथेच जाते. फरशी साबणाने धुवावी. मातीची जमीन असेल, तर तेवढा थर खरवडून पुन्हा सारवावे. लघवी कमी व्हावी म्हणून काही लोक पिल्लाचे पाणीच तोडतात. वऱ्हाडच्या उन्हात हा शुद्ध क्रूरपणा आहे.

उन्हाचा विषय निघाला, तेव्हा व्यायामाकडे वळू. समजा, अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका गावी एखाद्या घरी शहरातून ‘फ्रेंच बुलडॉग’ जातीचे पिल्लू आले. या जातीचे पूर्वज इंग्लंडचे. एकोणिसाव्या शतकात नॉटिंगहॅम येथील लेस विणणारे कारागीर पोट भरण्यासाठी फ्रान्सला गेले आणि आपली ठेंगणी बुलडॉग कुत्रीही बरोबर घेऊन गेले. पुढे निवडक पैदाशीने त्यांचे तोंड अधिकाधिक चपटे होत गेले. आज ते गोंडस दिसते खरे, पण त्याची किंमत ते कुत्रे दर श्वासाला मोजते.

आपल्याला घाम येतो आणि अंग निवते. कुत्र्याला तळपायांखेरीज फारसा घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि ओल्या तोंडावरून वाहणाऱ्या हवेने शरीरातील उष्णता बाहेर टाकते. गावठी कुत्र्याचे तोंड लांब असल्याने हे काम सुरळीत चालते. फ्रेंच बुलडॉगच्या नाकपुड्या अरुंद, घसा दाटलेला. धाप टाकण्याच्या श्रमानेच त्याचे अंग आणखी तापते. नेदरलँड्समध्ये अतिशय आखूड तोंडाच्या कुत्र्यांची पैदास करण्यास कायद्याने मनाई आहे. मला तो कायदा योग्य वाटतो, आणि वाशीम जिल्ह्यात पाळण्यासाठी गावठी पिल्लूच शहाणपणाचे, असेही वाटते. परंतु आलेल्या पाहुण्याला नीट सांभाळणे आपले काम.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला अंगणातच खेळवावे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात देतात. ती कधीही चुकवू नये. त्यानंतर सूर्य वर येण्यापूर्वी आणि सायंकाळी जमीन निवाल्यावर शेताच्या धुऱ्याने फिरवावे. वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटे, असा एक आडाखा आहे. चार महिन्यांच्या पिल्लाला वीस मिनिटे पुरे. गळपट्ट्याने त्याचा श्वास आवळतो, म्हणून छातीवरून जाणारा पट्टा बांधावा. डांबरी सडकेवर आधी आपल्या हाताचा मागचा भाग टेकवून पाहावा. आपल्याला पाच-सात सेकंद सोसत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. विहीर आणि शेततळे यांपासून त्याला दूर ठेवावे. डोके जड आणि पाय आखूड असल्याने या जातीच्या बहुतेक कुत्र्यांना पोहता येत नाही.

फिरताना श्वास घरघरू लागला, लाळ घट्ट झाली, जीभ गडद लाल किंवा निळसर दिसली अथवा पाय लटपटले, तर ‘थोडेच अंतर उरले आहे’ म्हणून त्याला चालवू नये. सावलीत न्यावे, पोटावर आणि पायांवर गार पाणी ओतावे, वारा घालावा, घोट घोट पाणी चाटू द्यावे आणि त्याच पावली गुरांच्या दवाखान्यात न्यावे.