शाळेच्या गॅदरिंगला ‘शाकुंतल’

काल बेळगावात भाचीच्या हायस्कूलचं गॅदरिंग होतं. निपाणीहून आम्ही सगळे गेलो, आईसुद्धा. मुलांनी ‘संगीत शाकुंतल’मधला प्रवेश केला. पेटीवर नववीतला मुलगा! नांदी सुरू झाली आणि अंगावर काटा आला.

हे नाटक आपल्याच मातीचं आहे बरं का. ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. बेळगावात त्यांनी शिक्षकीही केली. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात पहिले चार अंक झाले, उरलेले नंतर. पदांना त्यांनी कानडी चालीही घेतल्या. सीमाभागातल्या माणसाच्या कानात दोन्ही भाषा असतात, तेच त्यात उतरलं.

परतताना गाडीत आई त्या नांदीचीच चाल गुणगुणत होती.