पाहुणे फक्त तळ्यावर उतरत नाहीत

हिवाळ्यात यवतमाळकडच्या कुठल्याही तलावावर चार अनोळखी पक्षी दिसले, की ‘सायबेरियातून आलेत’ असं ठरूनच जातं. काही तिकडचे असतातही. पण नारिंगी अंगाचा चक्रवाक लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी वाढलेला असतो. शिवाय पाहुणे फक्त पाण्यावरच उतरतात, हाही समज चुकीचाच.

लाल कंठाचा माशीमार बघा. चिमणीहून लहान हा पक्षी पूर्व युरोप आणि रशियाच्या जंगलांत घरटं करतो, अन् थंडी आपल्या सागवनात, आमराईत काढतो. खालच्या फांदीवर बसून तो शेपूट वर झटकतो, तेव्हा काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरं चमकतं. गळ्याची लाली प्रौढ नरालाच असते, म्हणून बाकीचे चटकन ओळखू येत नाहीत. ‘टिर्र्र’ असा बारीक आवाज आला की थांबायचं.

उन्हाळ्यात सागाची पानं झडतात, जंगल ओकंबोकं होतं. लोक म्हणतात, आता काय दिसणार? खरं तर आडोसा गेल्यामुळे पक्षी उलट स्पष्ट दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या एका पळसाखाली तासभर बसलं, तरी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर असे कितीतरी येऊन जातात.

पावसाळ्यात टिपेश्वरसारख्या अभयारण्यातली सफारी बंद असते, म्हणून पक्षीनिरीक्षणही बंद, असं बरेच जण धरून चालतात. मला हा सगळ्यात मोठा तोटा वाटतो, कारण त्याच दिवसांत शिवारात सर्वांत जास्त घडामोडी चालतात. दक्षिणेत, श्रीलंकेत हिवाळा काढलेला नवरंग पहिल्या पावसाबरोबर विणीसाठी येतो. पावशाचं ‘पेरते व्हा’ तर प्रत्येक शेतकऱ्याच्या कानात आहे. हा पक्षी पाऊस आणत नाही, कुठून येतही नाही. वर्षभर इथेच असतो. सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकायची त्याची वेळ झाली, की तो ओरडू लागतो.

चातक मात्र खरा प्रवासी. मध्य भारतात दिसणारे बहुतेक चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतात. तो पावसाचे थेंबच पितो, जमिनीवरचं पाणी त्याला चालत नाही, ही समजूत आपल्या भाषेतही रुजली आहे. पण त्याला वाट असते ती ओल्या हिरवळीवर वाढणाऱ्या केसाळ अळ्यांची. बरेचसे पक्षी टाळतात त्या अळ्या तो आवडीने खातो. त्याची मादीही सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालते.

घुबडाबद्दल बोलायलाच हवं, कारण अपशकुनी म्हणून आजही त्याला दगड बसतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणं गुन्हा आहे. ते राहतं त्या झाडाखाली राखाडी गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेली हाडं-केस ते असे ओकून टाकतं. वाळलेली गोळी काडीने फोडून पाहा. आत उंदराची कवटी सापडते, पुढच्या पिवळ्या दातांसकट.